उसने अग्निबाण

गेल्या हिवाळ्यात काही कामानिमित्त आम्हांस बऱ्हाणपूरला जाण्याचा योग आला. तापीकाठचे हे शहर आज मध्य प्रदेशात मोडत असले, तरी भुसावळहून खंडव्याच्या दिशेने निघालेल्या गाडीतून तेथे उतरणाऱ्या मराठी माणसाला आपण परमुलखात आलो असे वाटत नाही. संभाजी महाराजांच्या फौजांनी १६८१ मध्ये ज्या शहरावर धाड घातली, त्याच शहरात पुढे कैक मराठी कुटुंबे घर करून राहिली, हा इतिहासाचा मिश्कीलपणाच म्हणायचा. तेथील पेठांना वारांची नावे आहेत. त्यांपैकी बुधवाऱ्यात आमच्या एका वृद्ध स्नेह्यांचे घर आहे. धंदा पिढीजात कापडाचा. हातमाग गेले, यंत्रमाग आले, आता व्यवहार मुलगे पाहतात. तरीही समोर आलेले कापड बोटांनी चाचपून पाहिल्याखेरीज या गृहस्थांचे बोलणे सुरू होत नाही. आमच्या खांद्यावरची शाल त्यांनी अशीच आधी पारखून घेतली आणि मग आमच्या प्रकृतीची विचारपूस केली.

त्या सायंकाळी त्यांचा नातू एक जुनी अमेरिकन मालिका लावून बसला होता. ‘स्टार ट्रेक’ हे तिचे नाव. ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शनवर रविवारी सकाळी ती दाखवली जाई, हे आमच्या अनेक वाचकांना स्मरत असेल. नातवाने लावलेला भाग अमेरिकेत प्रथम प्रक्षेपित झाला तो २६ जानेवारी १९६७ रोजी. कथा अशी, की भविष्यकाळातील एक अवकाशयान काळाच्या भोवऱ्यात सापडून विसाव्या शतकातल्या पृथ्वीच्या आकाशात येऊन पडते, आणि हे अनोळखी प्रकरण काय आहे ते पाहण्यासाठी अमेरिकन हवाई दल आपले एक लढाऊ विमान वर धाडते. यान अर्थातच लाकूड-प्लॅस्टिकची प्रतिकृती. स्वच्छ, गुळगुळीत, नीट प्रकाशयोजना केलेली. विमान मात्र खरेखुरे.

आमच्या स्नेह्यांना इंग्रजी येत नाही आणि अशा मालिकांची आवडही नाही. त्यांचे लक्ष हिशेबाच्या वहीत होते. विमान पडद्यावर आले तशी त्यांनी मान वर केली, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, “संपादकसाहेब, हा तुकडा दुसऱ्या थानाचा आहे. पोत बघा ना, वेगळा आहे.” नातू हसून म्हणाला, “आजोबा, सगळं एकच पिक्चर आहे.” त्यावर म्हातारा वहीत डोके घालता घालता उत्तरला, “पिक्चर एक असेल रे बाबा, कापड एक नाही.”

आजोबांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. ते विमान म्हणजे एफ-१०४ स्टारफायटर, आणि त्याच्या उड्डाणाची दृश्ये मालिकेच्या छायाचित्रकाराने घेतलेलीच नव्हती. ती दुसऱ्याच कामासाठी, दुसऱ्याच कॅमेऱ्याने, दुसऱ्याच जातीच्या फितीवर टिपलेली होती आणि साठ्यातून काढून मालिकेत जोडलेली होती. चित्रपटधंद्यात अशा तुकड्यांना ‘स्टॉक शॉट’ म्हणतात. आमचे स्नेही त्याला रफू म्हणाले असते. त्याच जातीची विमाने पाकिस्तानने १९६५ आणि १९७१ साली आपल्याविरुद्ध वापरली होती, आणि डिसेंबर १९७१ मध्ये त्यांतले एक आपल्या मिग-२१ने कच्छच्या आखातावर पाडले होते, ही गोष्ट बुधवाऱ्यातल्या त्या पोराला ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याच्या लेखी ते कथेतले एक विमान होते.

अशी रफूगिरी निर्माते का करतात, याचे उत्तर सोपे आहे. अग्निबाण उडवणे कोणाही निर्मात्याच्या खिशाला परवडणारे नाही. प्रतिकृती उडवली, तर धूर धुरासारखा दिसत नाही आणि ज्वाळा उदबत्तीच्या वाटतात. उलट सरकारच्या गुदामात खऱ्या उड्डाणांच्या मैलोगणती फिती पडून असतात. अमेरिकेत तर केंद्र सरकारच्या नोकरांनी कामाचा भाग म्हणून टिपलेल्या चित्रांवर स्वामित्वहक्कच नसतो. ज्याला हवी त्याने न्यावीत. आपल्याकडे सरकारी कृतीवरचा हक्क प्रसिद्धीपासून साठ वर्षे चालतो. थुंब्याहून आपला पहिला अग्निबाण २१ नोव्हेंबर १९६३ रोजी उडाला. तो अमेरिकन बनावटीचा नाइकी-अपाची होता. त्या वर्षी प्रसिद्ध झालेली सरकारी फीत आपल्या कायद्याने २०२४ उजाडल्यावरच सर्वांची झाली. त्यामुळे जगभरच्या पडद्यावर ‘अग्निबाण’ म्हणून जे काही उडते ते फ्लॉरिडातून उडालेले असते, यात नवल ते काय? फुकटचे बियाणे सर्वत्र उगवते.

येथवर तक्रारीला जागा नाही. गरिबाच्या नाटकमंडळीने राजवाड्याचा पडदा उसना आणावा, त्यातलाच हा प्रकार. पण उसन्या वस्तूला धनी असतो, आणि त्या वस्तूने आपल्या घरी काही पाहिलेले असते. आम्हांस अडखळवते ते हे.

अमेरिकेत दूरचित्रवाणी रांगू लागली त्या १९५०च्या दशकातील अंतराळपट आणि मालिका पाहाव्यात. नायक यानात बसतो, उलटी मोजणी होते, आणि पुढच्या क्षणी एक डौलदार, टोकदार, पायथ्याशी चार पंख असलेला अग्निबाण झेपावतो. हा अग्निबाण पुष्कळदा एकच असे, तो म्हणजे जर्मनांचा व्ही-२. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्याचे पहिले यशस्वी उड्डाण झाले. १९४४-४५ मध्ये तो लंडन आणि अँटवर्पवर कोसळत होता. युद्ध संपल्यावर अमेरिकनांनी त्याचे सुटे भाग जहाजांत भरून नेले आणि न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातून ते अग्निबाण उडवले. शास्त्राच्या दृष्टीने ती मोठी कामगिरी होती. २४ ऑक्टोबर १९४६ रोजी त्यांतल्याच एकावर बसवलेल्या कॅमेऱ्याने अवकाशातून पृथ्वीचे पहिले चित्र टिपले. पण हे अग्निबाण मुळात बांधले कोणी? नॉर्डहाउझेनजवळच्या डोंगरातील बोगद्यांत डोरा छावणीच्या कैद्यांनी. त्या छावणीत सुमारे ६०,००० माणसे आणली गेली आणि त्यांतली सुमारे २०,००० मेली, असा अंदाज आहे. पडद्यावर अग्निबाण वर जातो, मुले टाळ्या पिटतात. त्या मुलांना कोणी दोष द्यावा? दोष त्या मूक तुकड्याचाही नाही. परंतु तुकडा जेथून आला ते ठिकाण कापून टाकल्यावरच तो कथेत बसतो, आणि आमच्या मते या कलेचे मर्म त्या कापण्यातच आहे.

दुसरे उदाहरण याहून जवळचे, कारण त्यात जिवंत माणूस दिसतो. १९७४ ते १९७८ या काळात अमेरिकेत ‘द सिक्स मिलियन डॉलर मॅन’ ही मालिका गाजली. एक वैमानिक भीषण अपघातात सापडतो आणि शास्त्रज्ञ त्याला यांत्रिक हातपाय व डोळा बसवून अचाट शक्तीचा करतात, अशी कल्पना. प्रत्येक भागाच्या आरंभी तो अपघात दाखवीत. एक बुटके, पंखहीन वाटणारे यान वाळवंटातल्या सुकलेल्या तळ्यावर आपटते आणि कोलांट्या खात जाते. हा अपघात खरा होता. १० मे १९६७ रोजी कॅलिफोर्नियात एम२-एफ२ या प्रायोगिक यानाला तो झाला, आणि आत बसलेल्या वैमानिकाचे नाव होते ब्रूस पीटरसन. तो वाचला, पण जखमांनंतर झालेल्या जंतुसंसर्गाने त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. मालिकेच्या नायकाला नवा डोळा मिळाला. पीटरसनला मिळाला नाही. आपल्या आयुष्यातली सर्वांत वाईट काही सेकंदे शीर्षकगीताच्या तालावर आठवड्यामागून आठवडा घरोघरी पाहिली जात आहेत, हे त्याला कळत होते; आणि ते त्याला आवडत नसे, असे सांगतात. आवडावे तरी कसे?

त्यातही एक गंमत आहे. त्या शीर्षकदृश्यांत मोठ्या विमानाच्या पंखाखालून सुटणारे यान आणि जमिनीवर आपटणारे यान ही दोन वेगळी याने आहेत. सुटते ते एचएल-१०, आपटते ते एम२-एफ२. रफूवर रफू! जाणत्यांखेरीज कोणाच्या लक्षातही आले नाही. मोडलेले यान मात्र नवे रूप देऊन पुन्हा उडवले गेले, आणि त्या प्रयोगांतून मिळालेले ज्ञान पुढे परत येणाऱ्या अवकाशयानांच्या कामी आले. खरी गोष्ट कल्पित गोष्टीहून कमी रोमांचकारी नव्हती. तिला शीर्षकगीत नव्हते, एवढेच.

उसनवारीत अर्थाचा कसा उलटापालट होतो, त्याचा मासला पुन्हा ‘स्टार ट्रेक’मध्येच सापडतो. २९ मार्च १९६८ रोजी प्रक्षेपित झालेल्या एका भागात अण्वस्त्र वाहून नेणारा एक अग्निबाण अवकाशात सोडला जातो आणि जगावरचे संकट टाळण्यासाठी नायकांची धावपळ होते. तो अग्निबाण म्हणजे सॅटर्न-५. त्याच्या उड्डाणाची दृश्ये ९ नोव्हेंबर १९६७च्या अपोलो-४ मोहिमेतली आहेत. सुमारे ११० मीटर उंचीचा तो अजस्र अग्निबाण त्या दिवशी प्रथमच उडाला, आणि त्यात एकही माणूस नव्हता. माणसाला चंद्रावर नेण्यासाठी जे बांधले, ते पाच महिन्यांच्या आत कथेत अण्वस्त्राचे वाहन झाले. चित्र तेच, सांगणारा बदलला की त्याचा धर्म बदलतो.

त्याच अपोलो-४च्या आणखी एका तुकड्याची कहाणी तर वृत्तव्यवसायातल्या आमच्यासारख्यांनी टाचून ठेवावी अशी आहे. अग्निबाणाच्या दोन टप्प्यांमधले वर्तुळाकार कडे ज्वाळांत उजळत, संथपणे गिरक्या घेत खाली पृथ्वीकडे जाते, हे दृश्य वाचकांनी पाहिले नसेल असे होणे नाही. ते टिपणारे कॅमेरे उड्डाणातच वेगळे होऊन हवाई छत्रीने अटलांटिक महासागरात उतरले आणि तेथून उचलून आणले गेले. हे दृश्य मानवविरहित चाचणी-उड्डाणाचे आहे. तरी आजवर कित्येक माहितीपटांत आणि बातमीपत्रांत ते नील आर्मस्ट्राँग यांच्या अपोलो-११चे म्हणून बिनदिक्कत दाखवले गेले. कल्पित कथेने सत्याचा तुकडा उसना घेतला तर निदान प्रेक्षकाला ठाऊक असते की आपण गोष्ट पाहत आहोत. सत्यकथनाची प्रतिज्ञा केलेल्याने तेच केले, तर त्याला काय म्हणावे? आणि ज्या अपोलो-११साठी हा खटाटोप, तिच्या चांद्रपृष्ठावरील दूरचित्रणाच्या मूळ फिती बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असे अमेरिकेच्या अवकाशसंस्थेने २००९ मध्ये मान्य केले. अस्सल पुसले गेले आणि अस्सलाच्या नावावर दुसरेच फिरत राहिले.

हे सारे दूरदेशीचे म्हणून झटकून टाकण्याचे कारण नाही. सत्य फितीवर टिपण्याची आपली परंपरा तशी जुनी आहे, आणि तिच्या आरंभीच्या काळातच आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाचा सत्कार टिपला गेला आहे. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजला सीनियर रँग्लर होऊन डिसेंबर १९०१ मध्ये परतले, तेव्हा मुंबईत झालेले त्यांचे स्वागत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर म्हणजेच सावेदादा यांनी कॅमेऱ्यात टिपले. ‘राजा हरिश्चंद्र’ यायला अजून अकरा वर्षे अवकाश होता. म्हणजे आपल्याकडे पडद्यावर आधी बातमी आली आणि मग कथा. पुढे १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली, आणि चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी सरकारी वृत्तपट दाखवणे बंधनकारक झाले. मुंबईला दूरदर्शन केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. तोवर आपल्या माणसाने अग्निबाण पाहिला तो वृत्तपत्रातील छायाचित्रात, नाहीतर अशा वृत्तपटात. आणि त्याच खुर्चीत बसून, शेंगदाण्याची पुडी संपायच्या आत, पुढचा कल्पित चित्रपटही त्याने पाहिला. खरे कोठे संपले आणि गोष्ट कोठे सुरू झाली हे सांगणारी घंटा मध्ये वाजत असे. त्या घंटेचे मोल तेव्हा कोणाला कळले नव्हते.

मराठीत या उसनवारीला एक निराळे, सन्मान्य रूपही लाभले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा आली आणि तिला पारितोषिक मिळाले. लेखक होते जयंत विष्णु नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी फिरवली होती. येथेही खऱ्या विज्ञानाचा तुकडा कल्पित कापडाला जोडलेला आहे. पण जोडणाऱ्याला त्या तुकड्याची वीण आतून ठाऊक होती, आणि त्याने लपवले ते आपले नाव; विज्ञानाचे गोत्र नव्हे.

आज जे चालले आहे ते याच्या नेमके उलट आहे. पूर्वी गोष्टीला खरेपणा यावा म्हणून खरे विमान उसने आणीत. आता बातमीला थरार यावा म्हणून खोटे विमान उसने आणतात. १९९५ साली ‘अपोलो १३’ हा चित्रपट आला. त्यात मोहिमेची जुनी दृश्ये न वापरता उड्डाण सगळे नव्याने घडवले होते. प्रत्यक्ष चंद्रावर जाऊन आलेल्या बझ ऑल्ड्रिन यांनी ते पाहून ‘ही फीत तुम्हांला कोठे सापडली’ अशी पृच्छा केली, असे दिग्दर्शक रॉन हॉवर्ड सांगत. तेव्हा आम्हांस ही हकीकत कौतुकाची वाटली होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटच्या हल्ल्यानंतर एका संगणकीय खेळातील दृश्य हल्ल्याचे चित्रण म्हणून घराघरांतल्या फोनवर फिरले, आणि मे २०२५च्या संघर्षात अशाच खेळांतील विमाने पाडली गेल्याची दृश्ये दोन्ही बाजूंच्या लोकांनी एकमेकांना पाठवली, तेव्हा मात्र कौतुक उरले नाही. सरकारच्या पत्रसूचना कार्यालयाला खुलासे करावे लागले. या खेळांपैकी एक तयार करणाऱ्या कंपनीने तर २०२२ मध्येच लोकांना खुणा सांगून ठेवल्या होत्या. चित्र मुद्दाम अस्पष्ट असते, कॅमेरा उगाच थरथरतो, प्रसंग बहुधा रात्रीचा असतो, माणसे फारशी दिसत नाहीत. बुधवाऱ्यातले आमचे स्नेही जे बोटांच्या सवयीने ओळखतात, ते आता कारखानदारालाच छापून सांगावे लागते.

आणि हे केवळ उनाड पोरांचे उद्योग आहेत असेही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये तामिळनाडूतील नव्या प्रक्षेपणतळाच्या पायाभरणीनिमित्त वृत्तपत्रांत झळकलेल्या एका मंत्रिमहोदयांच्या जाहिरातीत अग्निबाण होता, आणि त्या अग्निबाणावर चीनचा ध्वज होता. कोणा जोडणाऱ्याने साठ्यातून ‘अग्निबाण’ मागवला, साठ्याने तो दिला. ऑगस्ट १९७९ मध्ये ज्यांचा एसएलव्ही-३ बंगालच्या उपसागरात पडला आणि जुलै १९८० मध्ये ज्यांनी तो यशस्वी करून दाखवला, त्यांच्या देशात अग्निबाणाचे चित्र शोधायला परक्या साठ्यात हात घालावा लागावा, याची आम्हांस अधिक खंत वाटली. आपल्या फिती आहेत. त्यांतल्या काही जानेवारी २००३ मध्ये पुण्यातल्या आगीत भस्मसात झालेल्या जुन्या चित्रपटांसारख्या गेल्या नाहीत, हे भाग्य. फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. तिचा साठा कोणत्या कपाटात आहे यापेक्षा त्यातील प्रत्येक तुकड्यावर दिवस, स्थळ आणि माणसांची नावे लिहिलेली आहेत की नाहीत, हे विचारण्याची वेळ आता आली आहे. संबंधितांनी ते लोकांना सांगावे. ज्यांची मुदत संपली आहे त्या फिती शाळा-महाविद्यालयांना आणि नवशिक्या निर्मात्यांना खुल्या कराव्यात. म्हणजे पुढच्या मराठी विज्ञानकथेतला अग्निबाण निदान थुंब्याचा किंवा श्रीहरिकोट्याचा असेल.

दुसऱ्याला एवढे सुनावल्यावर स्वतःच्या घरातले सांगणे भाग आहे. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर समुद्र खवळला की आमच्या कचेरीत छायाचित्राची शोधाशोध होते. छायाचित्रकार बंदरावर पोचेपर्यंत पान अडते. मग कोणीतरी जुन्या लखोट्यातून उंच लाटेचे आणि हेलकावणाऱ्या होडीचे एक छायाचित्र काढतो आणि वेळ निभावते. काही वर्षांपूर्वी असेच छायाचित्र आम्ही पहिल्या पानावर छापले. दोन दिवसांनी एक कोळी तरुण अंक हातात घेऊन कचेरीत आला. भांडायला आला नव्हता. म्हणाला, “साहेब, ही आमची होडी. ती दोन वर्षांमागे फुटली. आणि नाळेवर उभे आहेत ते आमचे बाबा. तांडेल होते. ते आता नाहीत. आयेने सकाळी पेपर उघडला नि…” पुढे तो बोलला नाही. आमच्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही चार ओळींची दिलगिरी छापली. ती कोणी वाचली असेल असे वाटत नाही.

त्याने जाताना मूळ छायाचित्राची प्रत मागितली. वडिलांचे होडीवरचे दुसरे छायाचित्र घरात नव्हते. लखोटा शोधून काढला, छायाचित्र उलटे करून पाहिले. मागे तारीख नव्हती, बंदराचे नाव नव्हते, छायाचित्रकाराचे नव्हते. पेन्सिलीने एकच शब्द लिहिलेला होता, ‘वादळ’. आम्ही त्या तरुणाला खुर्ची दिली आणि त्याच्याकडून होडीचे नाव, बंदर, वर्ष आणि तांडेलाचे पूर्ण नाव विचारून त्या शब्दाखाली शाईने लिहून घेतले.